वर्षभराच्या गोळ्या

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, एका हिवाळ्यात, गुरुवारी दुपारी शारजाबाहेरच्या एका नेमबाजी क्लबात प्रभाकर चौबळ यांनी स्पर्धेसाठी निवडून ठेवलेल्या रायफलीच्या सगळ्या गोळ्यांना एरंडेल लावण्यात आलं. स्पर्धा दुसऱ्या दिवशी सकाळी होती. तेल लावणारी व्यक्ती चौबळांच्या सासूबाई होत्या. हेतू चांगला होता.

बातमी एवढीच. बाकीचं चौबळांविषयी आहे.

चौबळ शारजात, अल नहदामध्ये, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत. दुबईत अल क्वोजमधल्या एका ॲल्युमिनियमच्या कारखान्यात ते क्वालिटी कंट्रोलचे प्रमुख होते. उंची बेताची, चष्मा जाड, चाल घाईची. त्यांच्या सहीशिवाय कारखान्यातून एकही पाइप बाहेर जात नसे. हा अधिकार ते घरीही बजावत आणि बाजारातही. इमारतीखालच्या केरळी दुकानात ते भेंडी घ्यायला उभे राहिले की मागे रांग लागे. प्रत्येक भेंडी डोळ्यासमोर आडवी धरून ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघत. वाकडी असेल तर बाजूला. एकदा दुकानदार वैतागला.

"साब, भेंडी लेना है या शादी करना है?"

"शादी में इतना देखा नहीं, इसलिए भेंडी में देखता हूँ," चौबळ म्हणाले.

शेजारी शुभांगीवहिनी उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाई, इनको मैंने बिना देखे लिया था. बीस साल हुआ, रिटर्न नहीं लेते."

दुकानात सर्वांत मोठ्याने हसले ते चौबळच. हसताना ते चष्मा काढत आणि टायच्या टोकाने पुसत. टाय नसेल तर शर्टाच्या टोकाने. आनंद झाला की चष्मा पुसणं ही त्यांची एकमेव विश्रांती होती.

त्यांचं एक वाक्य इमारतीतल्या सगळ्या मराठी घरांना पाठ होतं. "एक चांगला नेम म्हणजे योगायोग. पाच चांगले म्हणजे स्वभाव." हे ते नेमबाजीबद्दल म्हणत, पण पोळ्यांबद्दल, मुलीच्या गणिताच्या मार्कांबद्दल आणि भारतीय क्रिकेट संघाबद्दलही म्हणत. गणपतीत त्यांच्याकडे नैवेद्याचे मोदक ताटात मांडले की ते वाकून एक फेरी मारत आणि एखाद्याकडे बोट दाखवत.

"हा वाकडा झालाय."

"अहो, देवाचं आहे ते," वहिनी म्हणत.

"देवाला ओके माल द्यायचा. रिजेक्ट माझा."

आरतीनंतर तो मोदक ते खरोखरच स्वतः खात, आणि तोच सर्वांत चांगला झाला होता, असं दर वर्षी सांगत.

नेमबाजीचा नाद पुण्यातला, कॉलेजच्या एनसीसीतला. तो सुटला होता. शारजात आल्यावर कुणीतरी त्यांना क्लब दाखवला आणि तिथून पुढचे सगळे शुक्रवार गेले. सुट्टीच्या सकाळी इमारतीत जागा असलेला दुसरा माणूस मी एकटाच. मी एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो, आणि माझी पाळी संध्याकाळी सुरू होई. म्हणून ते मला गाडीत घालून नेत. साक्षीदार म्हणून, असं ते म्हणत. तक्रार नव्हती, तिथला चहा चांगला होता.

क्लबाचे व्यवस्थापक कॅप्टन सालेम. फौजेतून निवृत्त झालेले स्थानिक गृहस्थ. अंगातला पायघोळ अरबी कंदुरा कडक इस्त्रीचा, मिशी त्याहून कडक. हिंदी उत्तम बोलत. क्लबाकडे एक इंग्रज सभासद देश सोडताना आपली रायफल देऊन गेला होता. ती एक चमत्कारिक वस्तू होती. परदेशात शेतांची नासधूस करणारे ससे, घुशी असले छोटे प्राणी फार लांबून टिपण्यासाठी ती बनवली होती. जाड, जड नळी. बारीक, हलकी गोळी. आणि वेग आवाजाच्या तिपटीहून जास्त. शारजाच्या वाळूत तिच्या लायकीचा प्राणी नव्हता. ती बारा महिने कागदावर झाडली जाई.

रायफलीसोबत इंग्रजाने काडतुसं हाताने भरायचं यंत्रही ठेवलं होतं. ते एका छोट्या खोलीत होतं. काडतूस म्हणजे चार गोष्टी: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी पेट घेणारी कॅप, आत दारू, आणि पुढे तोंडाशी बसवलेली गोळी. पुंगळी पुन्हा वापरता येते. बाकीच्या तीन गोष्टी नव्याने, आपल्या रायफलीला मानवतील अशा भरल्या, तर नेम कारखान्याच्या काडतुसांपेक्षा बारीक लागतो, असा या लोकांचा विश्वास असतो. दारू आणि कॅपा कॅप्टनच्या कुलपात असत. ते स्वतः मोजून देत, स्वतः मोजून परत घेत, आणि फाटकाबाहेर काहीही जात नसे. चौबळांना ही शिस्त इतकी आवडली की कॅप्टनच्या पाठीमागे ते त्यांना 'आयएसओ' म्हणत.

क्लबात इतर कुणाला त्या खोलीत रस नव्हता. हळूहळू ती चौबळांची झाली. आत एक टेबल, एक तराजू, एक भिंग, आणि आनंदाने शीळ घालणारा एक माणूस.

पहिल्या हिवाळ्यात ते लांब गोळीच्या प्रेमात पडले. क्लबातर्फे त्यांनी गोळ्यांची एक पेटी परदेशातून मागवली. गोळी सडपातळ होती, टोकदार होती, मागे होडीसारखी निमुळती होत गेली होती. ती हवा कशी कापते याचे आकडे पेटीवरच छापलेले होते. चौबळ ती पेटी उघडून अनोळखी माणसांना दाखवत. मी लांब गोळीबद्दल शंका काढली नाही. मला शंका नव्हती. कॅप्टननी काढली.

"यह बंदूक छोटा खाती है, हबीबी."

"कॅप्टन, इसका नंबर देखिए. नंबर झूठ नहीं बोलता."

नंबर खोटं बोलला नाही. रायफलीने ऐकलं नाही. अशा रायफलीच्या नळीत स्क्रूसारखे आटे असतात आणि ते गोळीला भोवऱ्यासारखी फिरवतात. या रायफलीचे आटे सावकाश वळणारे होते, आखूड गोळीसाठी काढलेले. लांब गोळी पुरेशी फिरली नाही, आणि कमी फिरलेला भोवरा जसा डुलतो, तशी ती डुलत गेली. कागद आणला तेव्हा त्यावर गोल भोकांऐवजी गोळीच्या आडव्या आकाराच्या चिरा होत्या.

कॅप्टननी कागद उजेडात धरला. बराच वेळ बघितला.

"हबीबी," ते म्हणाले, "तुम्हारी गोली सो कर आती है."

चौबळांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं रागावले. ते हसत होते.

पुढची पेटी त्यांनी अगदी उलट प्रकारच्या गोळ्यांची मागवली: आखूड, हलकी, पातळ कातडीची. पाच झाडल्या. कागदावर दोनच भोकं होती. बाकीच्या तीन गोळ्यांचा शोध घेण्यात अर्धी सकाळ गेली. त्या कुठेच नव्हत्या. एवढ्या वेगात त्यांची तांब्याची कातडी फाटली होती आणि त्या वाटेतच धूळ होऊन गेल्या होत्या. परतताना गाडी चौबळ चालवत होते. अल नहदाच्या सिग्नलला त्यांनी एकदम स्टिअरिंगवर थाप मारली.

"अहो, हा जावई आहे!"

"कोण?"

"रायफल. जावयाला काय आवडतं ते आपण ठरवायचं नसतं. पहिल्या दिवाळीला ताटात सगळं वाढायचं आणि गप्प बसून बघायचं, कशाला हात लावतो ते. पुढच्या वर्षी तेवढंच करायचं. मी मूर्खासारखा पेटीवरचे आकडे वाचत बसलो. पेटी कधी जेवते का?"

त्यानंतर रायफलीला घरात जावई हेच नाव पडलं. चौबळांची मुलगी मृण्मयी तिथेच वाढलेली, सोळा वर्षांची. तिच्यासाठी हा शब्द तितकासा आनंदाचा नव्हता. "बाबा, यू आर फीडिंग अ गन," ती म्हणाली. "अँड प्लीज, माझ्या फ्रेंड्ससमोर त्याला जावई म्हणू नका."

ताट वाढायचं काम पुढे दोन हिवाळे चाललं. जावयाने नाना तऱ्हा नाकारल्या आणि शेवटी एका मध्यम, आखूड, सपाट बुडाच्या, टोकाला बारीक छिद्र असलेल्या गोळीवर संमती दर्शवली. त्या क्लबात नेम मोजायची रीत साधी होती. कागदावरच्या पाच भोकांवर नाणं ठेवायचं. पाचही एका दिरहामच्या नाण्याखाली झाकली गेली तर चांगलं. त्याहून लहान, पंचवीस फिल्सच्या नाण्याखाली झाकली गेली तर कॅप्टन सगळ्यांना खजूर वाटत. नव्या गोळीने चौबळ दोनदा खजुराच्या अगदी जवळ पोचले. दोन्ही वेळा पाचवी गोळी बाहेर गेली.

"पाचवी का जाते?" ते मला विचारत. मी चहा ओतून घेत असे. उत्तर त्यांना लागतच नसे. "कारण पेटीतल्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. जावयाला पंगतीत एकच खडा लागला, तरी तो तोच लक्षात ठेवतो."

याच सुमारास कॅप्टनना मजलिससाठी जागा हवीशी झाली. पाहुणे येतात, त्यांना बसवायला, कहवा द्यायला चांगली खोली नाही. चौबळांची खोली थंड होती, कोपऱ्यावर होती, आणि आत एकच माणूस शीळ घालत होता.

"चौबळ, मैं सीधा बोलता हूँ," कॅप्टन म्हणाले. "जर्मनी से बना-बनाया कारतूस आता है. अच्छा आता है. फिर यह कमरा किस लिए? हिवाळी स्पर्धा में मैं जर्मनी का चलाऊँगा, तुम अपना चलाओ. बंदूक एक ही. तुम्हारा छोटा आया तो कमरा तुम्हारा. नहीं आया तो खलास, उधर सोफा आएगा."

'हिवाळी' हा शब्द त्यांनी चौबळांकडूनच उचलला होता. चौबळांनी हात मिळवला. घरी येईपर्यंत ते तीन वेगवेगळ्या शिळा घालत होते. त्या खोलीशिवाय हा माणूस शुक्रवारी काय करेल, हा प्रश्न वहिनींनी त्याच संध्याकाळी मला जिन्यात विचारला. "घरी बसतील हो," त्या म्हणाल्या. "आणि माझे डबे तपासतील. ती खोली राहिली पाहिजे."

म्हणून वहिनी कामाला लागल्या. चौबळांनी क्लबाकडून त्याच गोळीच्या बऱ्याच पेट्या मागवल्या होत्या. त्यातल्या उत्तमातल्या उत्तम वेगळ्या काढायच्या होत्या. एकट्याने ते व्हायला पाडवा उजाडला असता. वहिनी म्हणाल्या, "निवडायच्याच आहेत ना? मग आम्ही कशाला आहोत?"

गुरुवारी अर्धा दिवस सुट्टी असे. शारजातल्या मराठी मंडळातल्या बायका दुपारी क्लबात आल्या, आपापली स्टीलची ताटं घेऊन. प्रत्येक ताटाच्या काठावर नाव कोरलेलं होतं. मंडळाच्या जेवणात अदलाबदल होऊ नये म्हणून. सोबत वहिनींच्या आई, अक्का. त्या सांगलीहून व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या, आणि आल्यापासून त्यांना कुणी काही काम देत नव्हतं. कॅप्टननी फाटकावर विचारलं, हे काय आहे. सिलेक्शन कमिटी, असं चौबळ म्हणाले. दारू आणि कॅपा कुलपात असल्याची खात्री करून कॅप्टननी सगळ्यांना आत सोडलं आणि स्वतः दारात उभे राहिले. त्यांचा चेहरा त्या दिवशी प्रथमच मिशीपेक्षा मऊ दिसला.

खोलीत जमिनीवर चटई टाकली होती. बायका मांडी घालून बसल्या, ताटं पुढ्यात घेतली, चौबळांनी प्रत्येकीच्या ताटात मूठ-मूठ गोळ्या ओतल्या. ताट किंचित तिरपं करायचं, बोटांनी माल पुढे ढकलत न्यायचा, नको ते कडेला काढायचं. हे कुणाला शिकवावं लागलं नाही. चौबळ उभे राहून सूचना देत होते. "बुडाकडे बघा. नाकाकडे नको. नाक थोडं वाकडं चालतं, बूड सरळ पाहिजे. मागून वायू सुटतो तो बुडाला ढकलतो. बुडाला एका बाजूने पोचा असला तर गोळी पहिल्याच पावलाला अडखळते."

"हे मुलगा बघायच्या वेळी आमच्या वडिलांना कुणी सांगितलं असतं तर!" नाडकर्णी वहिनी म्हणाल्या.

त्यानंतरच्या सूचना कुणाला ऐकू गेल्या नाहीत. दुपारभर खोलीतून ताटांचा खुळखुळाट आणि हसणं येत राहिलं. कॅप्टननी दोनदा कहवा पाठवला. असं पाच-सहा गुरुवार चाललं. निवडलेल्या गोळ्या एका स्टीलच्या डब्यात जात, टाकाऊ एका खोक्यात.

शेवटच्या गुरुवारी निवडणं संपलं. चौबळ तराजू कुलपात ठेवायला कॅप्टनकडे गेले. बायका ताटं पुसत होत्या. अक्कांनी डबा उघडून आत बघितलं.

"बऱ्याच झाल्या की गं. एवढ्या किती दिवसांच्या?"

"वर्षभराच्या, आई," वहिनी म्हणाल्या, आणि हात धुवायला गेल्या.

वर्षभराच्या साठवणीला काय करतात हे अक्कांना कुणी सांगायची गरज नव्हती. गुडघ्यांना लावायची एरंडेलाची बाटली पिशवीत होतीच. त्यांनी तळहातावर धार घेतली, डब्यात हात घातला, आणि तांदळाला लावतात तसं हलक्या हाताने, खालवर करून, सगळ्या गोळ्यांना सारखं लागेल असं लावलं. डब्याला घट्ट झाकण बसवलं.

शुक्रवारी सकाळी चौबळांनी डबा उघडला तेव्हा मी खोलीत होतो. त्यांनी एक गोळी चिमटीत उचलली. ती निसटली. दुसरी उचलली. तीही निसटली. मग त्यांनी बोटं नाकाशी नेली.

वहिनी आणि अक्का बाहेर बाकावर बसल्या होत्या. स्पर्धा बघायला सगळं मंडळ आलं होतं.

"अक्का," चौबळ अत्यंत मृदू आवाजात म्हणाले, "गोळ्यांना तेल कुणी लावलं?"

"मीच. कीड लागू नये म्हणून."

"अहो अक्का, तांब्याला कीड लागते का?"

"आमच्याकडे साठवणीचं काहीही बिनतेलाचं ठेवत नाहीत," अक्का म्हणाल्या. "तुमच्याकडची पद्धत मला माहीत नाही."

जावई सासूवर ओरडू शकत नाही. चौबळांनी आत येऊन दार लावलं. तेल दारूत उतरलं तर काडतूस नीट पेटत नाही. पेटलं तरी एक गोळी वर, एक खाली. धुवायला साबण होता, वाळवायला वेळ नव्हता, आणि ओली गोळी तेलकट गोळीहून बरी नाही.  बाहेर कॅप्टन जर्मन काडतुसांची पेटी उघडत होते. सोफ्याचा रंग मरून असेल, असं त्यांनी आदल्याच आठवड्यात जाहीर केलं होतं.

मग चौबळांनी टाकाऊ खोकं टेबलावर उलटं केलं.

भिंगाखाली त्यांनी एक गोळी धरली, मग दुसरी, मग पाच-सात. "अहो," ते मला म्हणाले, "या का काढल्या यांनी? बूड सरळ आहे. वजन बरोबर." त्यांनी आणखी काही बघितल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं. काढलेल्या गोळ्या काळपट होत्या. कुणावर डाग होता, कुणाचं टोक जरा ओबडधोबड. बायकांनी तांदूळ निवडतात तशाच निवडल्या होत्या: चकचकीत ते आत, काळं ते बाहेर. बुडाकडे कुणी बघितलंच नव्हतं.

त्यांनी चष्मा पुसला. हसत हसत खोक्यातल्या पाच गोळ्या काढल्या, बुडं तपासली, आणि कॅप्टनना दारू द्यायला बोलावलं.

कॅप्टननी आधी झाडल्या. पाच भोकं एका दिरहामच्या नाण्याखाली गेली. नाणं हलवून हलवून, पण गेली. टाळ्या झाल्या. मग चौबळ बाकावर बसले. अक्कांना कानावर लावायला मोठे गोलाकार संरक्षक दिले होते. ते अंबाड्यावर बसत नव्हते, म्हणून त्यांनी ते हाताने धरले होते. पहिली गोळी. दुसरी. कॅप्टनचा मदतनीस दुर्बिणीतून बघत होता. तिसरी आणि चौथी पहिल्या दोघींच्या भोकातच कडेकडेने गेल्या होत्या. चौथीनंतर चौबळ थांबले. वाळूवरची, वारा दाखवणारी छोटी झेंडी डावीकडे फडफडत होती. ते झेंडी पडायची वाट बघत राहिले. मृण्मयी, जी ही सगळी सकाळ पुस्तक वाचत होती, तिने पुस्तक मिटलं.

"बाबा, जस्ट फीड हिम," ती म्हणाली.

झेंडी पडली. पाचवी गेली.

कागद आणला. कॅप्टननी खिशातून पंचवीस फिल्सचं नाणं काढून भोकांवर ठेवलं आणि बोट उचललं. भोक दिसत नव्हतं. त्यांनी नाणं हलवलं नाही, हलवायची गरज नव्हती. मंडळातल्या बायकांनी असा आरडाओरडा केला की पार्किंगमधला सुरक्षारक्षक धावत आला. नाडकर्णी वहिनींनी त्याचाच हात धरून फुगडी घालायचा प्रयत्न केला. तो पेशावरचा होता. त्याने एक गिरकी घेतली.

"मान गया," कॅप्टन म्हणाले. "तुम्हारा सिलेक्शन. कमरा तुम्हारा."

इथे गप्प बसणं शक्य होतं. वहिनींनी नंतर मला तसं स्पष्ट सांगितलं. चौबळ गप्प बसले नाहीत.

"कॅप्टन, एक मिनिट. यह सिलेक्शन का माल नहीं है. सिलेक्शन का माल में तेल लग गया. यह रिजेक्ट है."

नाडकर्णी वहिनींनी सुरक्षारक्षकाचा हात सोडला.

"अहो!" वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला गप्प बसता येत नाही का हो?"

"चुकीच्या मालावर मी सही कशी करू?"

कॅप्टननी कागदावरचं नाणं उचललं. "रिजेक्ट," ते सावकाश म्हणाले. "तो इतना सारा गुरुवार, इतनी सारी थाली, इतना कहवा. तुम लोग चुन क्या रहे थे? बिना चुने भी तो यही होता. फिर कमरा किस लिए?"

प्रश्न बिनतोड होता.   अक्कांनी संरक्षक काढून लेकीला विचारलं, तो काय म्हणतोय. वहिनींनी सांगितलं.

"त्याला म्हणावं," अक्का म्हणाल्या, "निवडल्याशिवाय टाकाऊ कुठलं ते कसं कळणार?"

चौबळांनी ते शब्दशः हिंदीत सांगितलं. कॅप्टननी आधी अक्कांकडे बघितलं. मग कागदाकडे. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते इतके हसले की डोक्यावरच्या रुमालाभोवतीचा काळा गोफ, अगाल, सरकून कानावर आला आणि त्यांनी तो तसाच राहू दिला.

"यल्ला," ते म्हणाले. "कमरा रहेगा. खजूर लाओ. अम्मा को पहले."

पुढच्या शुक्रवारी चौबळांनी निवडलेल्या गोळ्या धुऊन, वाळवून झाडल्या. दिरहामच्या नाण्याबाहेर एक भोक राहिलं. हा निकाल त्यांनी मंडळात स्वतः जाहीर केला. बायका आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. नंतर पुन्हा निवडायला बसल्या, या वेळी गोळ्या उलट्या करून. क्लबाच्या फाटकावर एक नवा नियम लागू झाला. बायकांच्या पिशव्या बघितल्या जात, आणि तेलाची बाटली असली तर बाहेर ठेवून घेत. अक्का परत गेल्यावरही तो चालू होता.

नव्या शतकाच्या सुरुवातीला चौबळ निवृत्त झाले आणि पुण्याला जायचं ठरलं. सामान बांधताना वहिनी एक ताट शोधत होत्या. त्यांच्या नावाचं, लग्नातलं. सगळे डबे उघडून झाले. चौबळ खिडकीशी उभे राहून शीळ घालत होते. ताट सापडलं नाही.

शारजा विमानतळावर मी सोडायला गेलो होतो. सामान बरंच होतं, वेळ कमी. चौबळ ट्रॉली आणायला गेले आणि येईनात. मी वळून बघितलं. ते ट्रॉल्यांच्या रांगेपाशी होते. एक ट्रॉली ते फरशीवर थोडी ढकलून सोडून देत आणि ती सरळ जाते का बघत. ती डावीकडे वळली. बाजूला. दुसरी ढकलली.

"अहो, विमान सुटेल!" वहिनी ओरडल्या.

"एक मिनिट," ते म्हणाले, आणि तिसरी ढकलली. ती सरळ गेली. ते तिच्यामागे चष्मा पुसत धावले. नंतर मी त्यांना पाहिलं नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात क्लबाच्या स्पर्धेची बातमी करायला मी गेलो. कॅप्टन सालेम खोलीत होते. सोफा आला नव्हता. ते चटईवर मांडी घालून बसले होते, डोळ्यांवर वाचायचा चष्मा होता, आणि मांडीवरच्या स्टीलच्या ताटात ते गोळ्या उलट्या करून बुडं बघत होते. मी आलेलं त्यांना कळलं नाही. ताट तिरपं झालं तेव्हा काठावरची अक्षरं वाचता आली: सौ. शुभांगी प्र. चौबळ.